वधूपित्याचा लेप

एकदा एका तालुक्याच्या गावी एक म्हातारी राहत असे. नवऱ्या नटवणे हा तिचा व्यवसाय. हल्ली त्याला मेकअप आर्टिस्ट म्हणतात आणि साखरपुड्याच्या आधी तिची तारीख धरून ठेवतात; नवरदेव एक वेळ बदलेल, ती तारीख बदलत नाही. म्हातारीच्या स्वतःच्या मुखमंडलाचं म्हणाल तर दात मोजके आणि गालांवर सुरकुत्यांच्या निऱ्या. तरी पंचक्रोशीतल्या आया तिच्याच दारी येत. तिच्या हाताखालून उठलेली नवरी प्रसन्न दिसे. सुंदर काय, पैसे मोजले की कुणीही करून देतं. प्रसन्न करणं कठीण, आणि स्वतःच्या लग्नात तर महाकठीण. खोटं वाटत असेल तर आपापले अल्बम काढून बघा.

या म्हातारीपाशी एक शिष्या होती. हात हलका, नजर तीक्ष्ण, आणि स्वभाव मांजराचा: झाकण दिसलं की उचलून पाहायचं. काजळाची रेघ, भुवईची कमान, सगळं तिनं आत्मसात केलं होतं. हाती लागला नव्हता तो एक लेप. रंगाला हात घालण्यापूर्वी म्हातारी प्रत्येक नवरीच्या तोंडाला एक करडा लेप थापी. तो कालवताना भिंतीकडे तोंड करी, ओठातल्या ओठात काही पुटपुटे, आणि काम झालं की डबा कमरेच्या पिशवीत जाई.

"बाई, त्यात असतं तरी काय?" शिष्येनं विचारलं.

"हिमालयातली माती."

महिनाभरानं पुन्हा विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "समुद्राचा फेस." त्यानंतर विचारलं तेव्हा गंभीरपणे उत्तर आलं, "मागच्या शिष्येची हाडं. ती पण फार विचारायची."

शिष्येचा मात्र ठाम समज झाला की ती सारी प्रसन्नता त्या डब्यातच आहे.

अशात एका भांड्यांच्या व्यापाऱ्यानं आपल्या मुलीच्या लग्नासाठी म्हातारीला ठरवलं. पातेल्यावर टिचकी मारून त्याची चीर सांगणारा हा गृहस्थ. पण स्वतःचा चष्मा कपाळावर आहे हे त्याला मुलीनं सांगावं लागे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून घराच्या किल्ल्या आणि बापाचा चष्मा, दोन्ही ही लेक हेमांगीच सांभाळी.

"पोरीला अशी नटवा, की सासरची माणसं बघत राहिली पाहिजेत," व्यापारी म्हणाला.

"नटवते. पण मी दार लावीन तेव्हा ते लागलंच पाहिजे."

व्यापारी लगेच हो म्हणाला. मुलीचा बाप लग्न होईपर्यंत कशालाही हो म्हणतो.

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत म्हातारी कोपऱ्यात बसली, तोंडात सुपारी टाकली आणि शिष्येला म्हणाली, "आजची नवरी तुझी. कर सुरुवात."

शिष्येची ही पहिलीच स्वतंत्र नवरी! इथं बिघडलं तर पुन्हा तिला कोण बोलावणार? तिनं रंग घेतला, पहिला हात फिरवला, तोच दार उघडलं.

"हेमे, करवलीचा नारळ कुठं ठेवलास गं?" ही आत्याबाई, व्यापाऱ्याची थोरली बहीण.

हेमांगीनं मान वळवली, गालावर रेघ उठली. शिष्येनं पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा दार.

"हेमे, विहीणबाईंना बिनसाखरेचा चहा हवाय. कुणाला सांगू?"

"हेमे, रुखवतातला लाडवांचा डोंगर कोसळला! आता?"

आणि मधूनमधून खुद्द व्यापारी. "बाळ, गुरुजी सुपाऱ्या मागतायत. बाळ, माझं उपरणं. बाळ, मुंडावळ्या तुझ्याकडे की माझ्याकडे?" एवढं बोलून खोलीकडे पाठ फिरवून तो उत्तराची वाट बघे आणि उत्तर मिळताच पळे.

हेमांगी प्रत्येकाला उत्तर देई. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले, कपाळावर आठी. रंग काही केल्या बसेना. भिंत ओली असली की चुना कसा पोपडे धरतो, तशी गत झाली. शेवटी हेमांगीनं शिष्येचा हात धरला.

"ताई, मी पटकन जाऊन येऊ? बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

शिष्येनं रंग खाली ठेवला. मुहूर्त जवळ येत होता आणि खुर्चीतली मुलगी नवरीपेक्षा परीक्षेला बसलेली जास्त दिसत होती.

तेव्हा म्हातारी उठली. तिनं हेमांगीचा चेहरा पुसून स्वच्छ केला, दाराला कडी घातली आणि लेप थापला. "आता हू की चू करायचं नाही. तोंड हललं की भेगा पडतात, आणि भेगांवर रंग बसत नाही." बाहेरच्यांनाही तिनं तेच खणखणीत आवाजात ऐकवलं. बाहेर एकदम सामसूम झाली. लेपाला माणसं फार भितात.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. "बाळ, एकच विचारायचंय!"

शिष्येला वाटलं, आता बाई शेठना हाकलणार. पण म्हातारीनं कडी काढली, व्यापाऱ्याला दंडाला धरून आत घेतलं आणि कडी पुन्हा लावली.

"बरं झालं आलात. तुमचा लेप राहिलाय."

"माझा?"

"वधूपित्याचा. कन्यादानाला शेजारीशेजारी बसणार ना? मुलगी चांदीच्या ताटासारखी, आणि बाप कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा. फोटोत काय दिसेल?"

पातेल्याचं नाव निघताच व्यापारी निमूटपणे मुलीसमोरच्या खुर्चीत बसला. धंद्याची अब्रू होती.

वाटीतला लेप संपला होता. म्हातारीनं कमरेचा डबा काढून सहज शिष्येच्या हातात दिला. "कालव."

शिष्येनं भिंतीकडे तोंड करून झाकण उघडलं. वास घेतला. बोटानं चिमूट जिभेवर ठेवली. पुन्हा ठेवली. ती ज्वारी होती. भाकरीचं पीठ! आणि गिऱ्हाइकासमोर ब्र काढायची सोय नाही. तिनं पाणी घालून मुकाट्यानं कालवलं, आणि गावातला एक प्रतिष्ठित व्यापारी तिच्या डोळ्यांदेखत भाकरीच्या पिठात न्हाऊन निघाला.

"बोलायचं नाही," म्हातारीनं त्याला बजावलं. "हलायचं नाही. डोळे तेवढे उघडे ठेवा." मग शिष्येला घेऊन ती बाहेर आली आणि दार लोटून पायरीवर बसली.

"बाई, ते ज्वारीचं पीठ आहे!" शिष्या कुजबुजली.

"मीठ घातलं असतंस तर न्याहारीची सोय झाली असती."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांना फसवता?"

"फसवते ना. आधी खरं सांगून बघितलं. 'नवरीला जरा एकटं बसू द्या' म्हटलं, की लोक म्हणतात, 'हो हो, बसू द्या बिचारीला', आणि खुर्ची ओढून तिच्याजवळच बसतात. पोरी, रंग चेहऱ्यावर चढतो, पण चेहरा तिथं हजर पाहिजे. तिचे डोळे कोठीघरात, कान मांडवात, जीभ गुरुजींच्या सुपाऱ्यांत. तू रंगवत होतीस ती नुसती खुर्ची. लेपात गुण नाही. लेप लागला की कुणी विचारत नाही आणि आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही, तेवढ्यात माणूस आपल्या ठिकाणी परत येतं. मग रंगाला कितीसा वेळ लागतो?"

"पण शेठना कुठं रंग लावायचाय?"

म्हातारीनं सुपारीचा तुकडा या गालातून त्या गालात सरकवला.

"त्यानं सकाळपासून तिला किती हाका मारल्या, ऐकलंस ना? पण बघितलं एकदाही नाही. छाती नाही त्याची. उद्यापासून घरात ती नाही, हे तिच्या तोंडावर वाचावं लागेल, म्हणून बिचारा उपरणी शोधत हिंडतो. जीभ बांधली की डोळ्यांना काम लागतं."

शिष्येनं दाराला कान लावला. आतून कसलाच आवाज येत नव्हता. मग कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि बऱ्याच वेळानं पुसट बोलणं.

इतक्यात आत्याबाई शालू सावरत आल्या. "वाळला का गं तो लेप? हेमेला विचारायचं होतं, पंगतीला आधी कुणाला बसवू?"

शिष्या उठली. दार बोटभर उघडून तिनं आत पाहिलं. लेप केव्हाच वाळून गेला होता. दोघांच्या मांडीवर त्याचे पोपडे पडले होते. व्यापारी उपरण्याचं टोक ओलं करून मुलीचं कपाळ पुसत होता. चष्मा नव्हता, त्यामुळे अगदी जवळ वाकून. तो हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि हेमांगी रडत रडत हसत होती. डोळे अजून सुजलेलेच होते. पण त्या चेहऱ्यावर आता हवा तो रंग बसला असता.

शिष्येनं दार अलगद ओढून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "अजून ओला आहे."