राणी शीलप्रभा आणि मंतरलेला नगारा

एका राज्यात एक मंतरलेला नगारा होता. शत्रू आला की राजा तो वाजवी, आणि नाद कानी पडताच तरुणांचे पाय रणाकडे चालू लागत. मन असो वा नसो. नगाऱ्याने राज्य अनेकदा राखले. पण त्याला शाप होता. युद्ध सरले तरी ते पाय थांबत नसत. वाचलेले वीर सीमेवरच्या डोंगराभोवती फिरत राहत.

शीलप्रभा राणी झाली, त्याच वर्षी शत्रू खिंडीपाशी आला. प्रधान भद्रमुख म्हणाला, "महाराणी, नगारा वाजवावा."

राणीने आधी डोंगर गाठला. टाचा झिजलेली माणसे तिच्यासमोरून निघून गेली. नगारा घडवणारा मांत्रिक मरून गेला होता. त्याची साळुंकी तेवढी उरली होती. ती बोलली, "शाप तुटेल. नगारा स्वतः ऐक. चालणाऱ्यांना बोलते कर. मग तो फाड."

"नगारा नसता तर नगर उरले नसते," भद्रमुख म्हणाला. "माझा पुत्र त्याच नादाने गेला आणि रणात पडला."

राजघराण्याच्या कानांत मेण घालायची रीत होती. तिने ते काढले आणि नगारा वाजवायला सांगितले. हत्तीवर चढवलेला नगारा वाजला आणि तिचेही पाय चालू लागले. काटे रुतले, तरी थांबेनात.

तिने शेजारून चालणाऱ्या कुंभाराला विचारले, "नगारा वाजला नसता, तर तू आला नसतास?"

"आलो असतो, महाराणी. कुणी विचारलेच नाही."

पलीकडचा कोष्टी रडत होता. "मी आलो नसतो. घरी आई आंधळी आहे."

राणीने हत्तीची झूल धरली, वर चढली आणि तलवारीने नगारा फाडला.

सारे पाय थांबले. डोंगराभोवतीचेही.

"मी खिंडीत जाते," राणी म्हणाली. "यायचे त्याने यावे. परतणाऱ्याला कुणी अडवू नये."

पुष्कळजण परतले. कोष्टी मान खाली घालून निघाला. राणीने बाजूला होऊन त्याला वाट दिली. कुंभार थांबला. वृद्ध भद्रमुखानेही भाला उचलला.

खिंड राखली, पण जेमतेम. घायाळ भद्रमुख राणीच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाला, "आणखी थोडे परतले असते, तर राज्य गेले असते."

"ठाऊक आहे," राणी म्हणाली. त्याचे डोळे तिनेच मिटले.

जे उरले ते आपल्या पायांनी घरी गेले. डोंगराभोवती फिरणारेही पोचले. पुढेही युद्धे झाली. दर वेळी राणी दारोदार जाऊन माणसे मागत असे. काही दारे उघडत. जे उघडत नसे, त्यापुढे क्षणभर उभी राहून ती पुढच्या दारी जाई.