वीतभर सरकलेल्या वाटजाईची कहाणी

ऐका वाटजाईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर नव्हतं, डोंगराखालची वाडी होती. तिथं सगुणा नि ठकू, दोघी शेजारणी. दोघींच्या घरांमधून एक पाणंद जाई. चौघांनी बाज उचलून न्यावी, इतकी रुंद. कडेला वाटजाईचा दगड, तीच सगुणाच्या अंगणाची हद्द.

वसा काय? श्रावणी अवसेला दोघींनी मिळून दगड उचलावा, धुवावा, शेंदूर लावावा, परत त्याच खळग्यात बसवावा. चार हात लागले तरच देवी बसते.

मग काय झालं? सगुणाला हाव सुटली. अवसेला ठकूच्या आधी उठली, एकटीनं दगड धुतला, वीतभर पुढं, पाणंदीत बसवला. दुसऱ्या वर्षी वीतभर. तिसऱ्या वर्षी वीतभर. मग दगडाला धरून धोंड्यांचा गडगा रचला, देवीला मधे कोंडली.

ठकू रडली, "सगुणे, वाट सोड गो. आजेसासूपासूनची वहिवाट ती."

"कागद असला तर दाखव!"

बोडक्याचा कागद! चालत्या पायांना कुणी कधी कागद दिलाय?

तिन्ही अवसांना, तिन्हीसांजेला, एक म्हातारी आली. "बाई, वाट दे." सगुणानं हाकलली. पहिल्यांदा गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा थांबली. "बरं. तुला लागेल तेव्हा मागशील." सगुणानं खाली पाहिलं, तर चिखलात म्हातारीचं पाऊल उमटलेलं नाही. तशी घरात पळाली, दाराला कडी घातली. हसू नका गो, तुम्हीही पळाला असतात. पण गडगा काही तिनं पाडला नाही.

मग सगुणाची लेक बाळंतपणाला आली. पोर आडवं आलं. सुईणीनं हात टेकले. "तालुक्याला हलवा, नाहीतर दोन्ही जीव जातील." चौघांनी बाज उचलली, पाणंदीत आणली, ती अडकली. तिरपी केली, लेक ओरडली. उंच धरली, गडी घसरले. गडगा पाडावा, तर मधे वाटजाई. "देवीला आम्ही नाही शिवणार," गडी म्हणाले. मग सगुणानं दगडाला मिठी मारली, ओढला, नखं फुटली. एकटीनं बसवलेला दगड एकटीला हलेना. लेकीचं ओरडणं थांबलं. बायांनो, ते थांबणं ओरडण्याहून वाईट.

मग सगुणा किंचाळली, "ठकू, धाव गो! तीन विती मी चोरल्या! वाट तुझीमाझी दोघींची! माझी पोर जाते गो!"

ठकू दारात उभी. एक श्वास गेला, दोन गेले. तिच्या मनात काय आलं, ते तिलाच ठाऊक. तिसऱ्या श्वासाला पदर खोचून धावली. चार हात लागले, दगड निघाला, गडगा ढासळला, बाज पार झाली.

लेक वाचली, नात जगली. दोघींनी दगड जुन्या खळग्यात बसवला. त्या तिन्हीसांजेला पाणंदीत पावलं वाजली. सगुणा दारात हात जोडून उभी राहिली. पावलं अंगणावरून पुढं गेली, दिसलं कुणी नाही. तेव्हापासून अवसेला ठकू येईस्तोवर सगुणा त्या दगडाला बोट लावत नाही.

उतू नका, मातू नका, दुसऱ्याच्या वाटेत पाय रोवू नका. सगुणाला वाटजाई कोपली तशी कुणाला न कोपो, शेवटी पावली तशी तुम्हां आम्हां पावो. ही साठां पावलांची कहाणी पांचां पावलांत दारी पोचली, सुफळ झाली.