दुकानात फिरणारा चरखा

फार फार मागची गोष्ट. कधीची म्हणाल, तर चरखा घ्यायला बाया नदी ओलांडून पेठेत जायच्या आणि कारागिराचा शब्द पदरात बांधून घरी यायच्या, त्या काळची.

नदीकाठच्या एका गावात सूत कातणारी एक बाई राहायची. तिला एकच लेक, ती सासरी दिलेली. त्या गावची रीत अशी, की लेकीचं पहिलं बाळ बारशाला पाळण्यात घालायचं ते आजीनं स्वतः कातलेल्या सुताच्या दुपट्यात. विकतचं सूत चालायचं नाही, शेजारणीचंही नाही. लेक बाळंतपणाला माहेरी आली, तसा बाईनं आपला जुना मोडका चरखा माळ्यावर टाकला आणि पेठेतल्या सुताराकडून नवा आणला.

सुतार नावाजलेला होता. तो म्हणाला, "मावशी, वर्षाच्या आत काही बिघडलं तर मी फुकट नीट करून देईन. फक्त पाणी लागू देऊ नका. पाणी लागलं, की माझा शब्द संपला."

बाईनं हे इतकं मनावर घेतलं, की नव्या चरख्याची पूजासुद्धा कोरडं हळदकुंकू वाहून केली.

तरी चार दिवसांत चाक अडलं. कुरकुरायचं आणि थांबायचं. सूत तुटायचं.

बाई चरखा डोक्यावर घेऊन पेठेत गेली. सुतार म्हणाला, "ठेवून जा. बाजाराच्या दिवशी या." बाजाराच्या दिवशी गेली, तर म्हणाला, "अजून बघायला वेळ झाला नाही." पुढच्या बाजाराला त्यानं चाक फिरवून दाखवलं. काय सुंदर फिरलं! दुकानात ढलप्यांची शेगडी सतत पेटलेली, सगळं कसं कोरडं ठणठणीत. बाई आनंदानं घरी आली. नदीकाठच्या ओलाव्यात दोन दिवसांत चाक पुन्हा अडलं.

लेकीचे दिवस भरत आले होते. आई रिकाम्या हातांनी बसलेली तिला बघवेना. ती म्हणायची, "राहू दे गं आई. बाळाला काय कळतंय?"

"बाळाला नसेल कळत. मला कळतंय ना."

हे शेजारणीनं कुडापलीकडून ऐकलं. शेजारणीच त्या, ऐकणारच. ती पदर खोचून आली. "चल, मी येते. तू चरखा धर, बोलायचं माझ्याकडे लागलं."

या खेपेला सुतारानं चाक कानाशी धरलं, हलवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "आतलं लाकूड फुगलंय. पाणी लागलंय मावशी. आता माझा शब्द लागू नाही."

"दादा, मी ओलं बोटसुद्धा लावलं नाही हो."

"मग पाणी काय चालत आलं?"

शेजारीण पुढे सरसावली. "आजवर ठेवून जा म्हणालास, ठेवलं. परत या म्हणालास, आलो. आज पाणी म्हणतोस. उद्या म्हणशील, चरख्याला नजर लागली! उघड ते चाक. आमच्या डोळ्यांना दिसू दे."

सुतारानं रागारागानं पाचर काढली आणि चाकाच्या मधला लाकडी कणा बाहेर ओढला. कणा खरंच फुगलेला होता. त्यावर कुंकवाचा लाल ओघळ सुकलेला.

"बघा!" सुतार म्हणाला. "पूजा केलीत, वर पाणी शिंपडलंत!"

बाईला रडू फुटलं.

तेवढ्यात दारात बसलेली सुताराची म्हातारी आई काठी टेकत आत आली. तिनं कणा हातात घेतला, लाल ओघळावरून अंगठा फिरवला.

"अरे, हे माझं बोट आहे."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"कणा चाकात बसला, की त्याच्या पोटापर्यंत कुणाचा हात पोचतो का? तू बसवायच्या आधी मी प्रत्येक कण्याला न्हाऊ घालते, कुंकू लावते. लेक सासरी धाडायची तर न्हाऊ घालूनच धाडावी. तुझे वडील मग त्याला दिवसभर उन्हात ठेवायचे. तू लगेच ठोकून बसवतोस. मला वाटलं, तुझी नवी रीत असेल."

सुतारानं कपाळाला हात लावला. आईचं ते न्हाऊ घालणं त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडायचं. रोजचं म्हणून त्याला ते कधी पाणी वाटलंच नव्हतं.

म्हातारीनं कणा खाली ठेवला. "माझ्याच हातानं नासलं रे. आता नाही लावणार हात."

कातणारी बाई डोळे पुसत उठली आणि तिनं म्हातारीचे ते कुंकवानं लाल झालेले हात आपल्या हातात धरले. "असं नका म्हणू आजी. नवा कणा तुम्हीच न्हाऊ घाला. मी थांबते ऊन लागेपर्यंत."

सुतारानं नवा कणा घडवला. म्हातारीनं न्हाऊ घातला. मग तो नावाजलेला कारागीर अंगणात कणा घेऊन बसला. सावली सरकली, की तोही उन्हाबरोबर सरकायचा. शेजारीण म्हणाली, "एवढं पोराला तरी फिरवतोस का रे कधी उन्हात?" तसा तो पहिल्यांदा हसला.

चरखा तो स्वतः डोक्यावर घेऊन नदीपार गेला. बाईच्या घरी, तिच्याच कोपऱ्यात तो मांडला आणि पहिली सुताची कांडी भरेपर्यंत उठला नाही.

बाळ जरा लवकरच आलं. कातलेलं सूत पुरलं नाही, दुपटं तोकडं पडलं. बारशाला बाळाचे पाय बाहेरच राहिले. बायका कुजबुजणार, तोच बारशाला बोलावलेल्या सुताराच्या म्हाताऱ्या आईनं ते इवलेसे तळवे आपल्या दोन्ही हातांत झाकून घेतले आणि पाळणा म्हणून होईपर्यंत सोडले नाहीत.

त्या दिवसापासून सुतार चरखा देताना एवढंच म्हणायचा, "मावशी, बिघडला तर घेऊन या. आधी माझे हात बघू."

म्हणून सांगते, लहानथोरांनो: दिलेला शब्द मागे घेण्याआधी चूक आपल्याच घरातून निघाली नाही ना, ते पाहावं.