गुळवणींचा लेख कुठल्या कपाटात?

एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा वदवून घेता, वर म्हातारा कटकट करतो म्हणता. बसा आता.

प्राचार्य त्र्यंबक गुळवणींचा मधमाश्यांवरचा लेख एका गुळगुळीत, रंगीत मासिकात छापून आला. शेजारच्या पानावर साबणाची जाहिरात. गुळवणींनी हुकूम सोडला, अंक संशोधनपत्रिकांच्या कपाटात लावा. ग्रंथपाल हिवाळ्यांनी तो टेबलावर इतर मासिकांत ठेवला.

पुढं विद्यापीठाची समिती तपासणीला आली, तेव्हा तिच्यासमोरच गुळवणी कडाडले, "या अडाण्याला मासिक आणि संशोधनपत्रिका यांतला फरक कळत नाही. उद्यापासून वसतिगृहाच्या कोठारावर धाडतो याला."

हिवाळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकं सोडून तांदळाची पोती सांभाळायची? पण माणूस मुळात खट. हात जोडून म्हणाले, "चुकलो असेन, साहेब. आत्ता लावतो. फक्त एवढं सांगा, छापण्याआधी लेख कुणा जाणकारानं तपासला? त्यानं काय चुका काढल्या?"

गुळवणींची छाती फुगली. "माझ्या लेखात चुका काढणारा अजून जन्माला यायचाय. मी पाठवला, त्यांनी मुकाट्यानं छापला."

हिवाळे शांतपणे म्हणाले, "मासिकाला मी नावं ठेवत नाही, साहेब. पोरं तुमचा लेख आवडीनं वाचतात. पण त्या कपाटात जायचं तर लेखाला आधी जाणकारांची बोलणी खावी लागतात."

समितीच्या बाईंनी चष्मा पुसला. "अंक आहे तिथंच राहू दे, हिवाळे. आणि तुम्हीही."

कोठार टळलं. चारचौघांत अडाणी म्हटल्याची माफी मात्र हिवाळ्यांना अजून मिळायची आहे. ती मागायची आहे त्र्यंबक गुळवणींनी.