शेत ओलांडून आलेले गांडूळ

पूर्वी वाराणसीत एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वरुणा नदीकाठच्या एका गावात गांडुळाचा जन्म घेतला होता. हत्तीच्या, सोनेरी हरणाच्या जन्मांच्या गोष्टी आपण कौतुकाने ऐकतो. या जन्मात मात्र त्याला ना शिंग होते ना शेपूट; डोळेसुद्धा नव्हते. तरी मातीखालच्या हजारो गांडुळांचा तो राजा होता, आणि त्यांचे राज्य नंदिय नावाच्या शेतकऱ्याच्या भातशेतात होते.

त्या गावात एक रीत होती. पेरणीआधी मंगल नांगरट होई, आणि मागच्या हंगामात ज्याचे शेत सर्वांत हिरवे दिसले असेल त्याच्या हाती पहिला नांगर दिला जाई. पंच बांधावर उभे राहूनच शेत पाहत. चिखलात पाय कोण घालणार? एके वर्षी तांड्याबरोबर एक व्यापारी आला आणि पांढरी भुकटी विकून गेला. ती टाकली की आठ दिवसांत भात हिरवागार होई. नंदियाने ती टाकली आणि सलग तीन वर्षे पहिला नांगर धरला. त्या दिवशी सारा गाव त्याच्यामागून चाले, आणि त्याला ते फार आवडे.

पुढे माती दगडासारखी झाली. फाळ शिरेना, पाणी मुरेना, लोंब्या पोचट राहू लागल्या. भुकटीने अंग भाजू लागले तशी गांडुळे गोठ्यामागच्या उकिरड्यात निघून गेली. नंदियाची बायको खेमा त्याला म्हणाली, "अहो, उकिरडा गोठ्याहून उंच झाला. ते शेण शेतात घाला, नाहीतर पुढल्या वर्षी घरात दाणा यायचा नाही."

नंदियाला ते कळत होते, पण वळत नव्हते. शेण घातले तर पीक फिके दिसेल, पहिला नांगर हातचा जाईल. शिवाय वरच्या शेतातल्या तिस्साची भुकटी पाण्याबरोबर आपल्याच शेतात उतरते. मग एकट्याने सोडून काय उपयोग? तिस्साने सोडली की मी सोडतो, असे तो म्हणे. आणि तिस्सा हेच नंदियाकडे बोट दाखवून म्हणे.

उकिरड्यात गारवा होता, खायला भरपूर होते. तरी एके दिवशी बोधिसत्त्व शेताकडे निघाला. बाकीच्या गांडुळांनी त्याला परोपरीने विनवले. तिथे आता नुसती आग आहे, म्हणाली. तो शांतपणे म्हणाला की शेत मेले तर त्याच्यावर जगणारी घरेही मरतील. त्या माणसाला कोणीतरी सांगायला हवे.

दुपारी भुकटीची अर्धी पाटी शेतात उधळून नंदिय मोहाच्या झाडाखाली टेकला आणि त्याचा डोळा लागला. स्वप्नात माती पाण्यासारखी नितळ झाली आणि तो अलगद खाली उतरत गेला. तिथे बारीक बारीक वाटा होत्या. त्यांतून कधीकाळचा पाऊस अजून गुणगुणत चालला होता, आणि मुळे तान्ह्या लेकरांसारखी डोळे मिटून पीत होती. आणखी खाली गेला, तर वाटा ओस पडलेल्या. तिथे एक बारीक आवाज त्याला म्हणाला, "नंदिया, आम्ही परत यायला तयार आहोत."

"किती दिवस लागतील?" नंदियाने विचारले.

"तीन पावसाळे. लोक हसतील."

"आणि तिस्साने नाही सोडली तर?"

"मी निघालो तेव्हा बाकीचे निघतात का, हे पाहायला थांबलो नाही."

नंदिय जागा झाला. त्याच्या पायाशी एक गांडूळ पडले होते, भुकटीने पांढरे झालेले. गोठ्यापासून इथवरचे सारे शेत त्याने आजच आपल्या हाताने भाजून ठेवले होते, आणि ते ओलांडून हा जीव आला होता. नंदियाने त्याला ओंजळीतल्या पाण्यात धुतले. ते हलले नाही. नंदियाला रडू कोसळले. एका किड्यासाठी आपण रडतो आहोत, याची लाजही वाटली. पण रडू थांबेना.

त्याच संध्याकाळी शेणाची पहिली पाटी शेतात पडली. पुढची तीन वर्षे गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. पहिला नांगर तिस्साकडे गेला. एका वर्षी तर पीक निम्म्यावर आले, आणि खेमाने भातात कंदमुळे शिजवली.

चौथ्या वर्षी पावसाने मध्येच दडी मारली. गावची शेते भेगाळली. नंदियाचे शेत हिरवेगार नव्हते, पण ओल धरून होते आणि लोंब्या दाण्यांनी वाकल्या होत्या. तेव्हा तिस्सा रिकामी पाटी घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, "थोडी माती देशील? गांडुळांची."

नंदियाने त्याला हाकलले असते तरी गावाने दोष दिला नसता. त्याने पाटी काठोकाठ भरली, वर ओली पाने पसरली आणि अंगावरचे उपरणे काढले.

"ऊन त्यांना सोसत नाही," तो म्हणाला. "तू चाल. मी सावली धरतो."

इतके सांगून भगवान शास्ता समोर बसलेल्या भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा तिस्सा म्हणजे विहाराला तांदूळ देणारा आजचा उपासक सोमिल. खेमा म्हणजे त्याची वृद्ध माता. नंदिय म्हणजे तुमच्यात शेवटी बसलेला, अजून कोणाशी फारसे न बोललेला हा नवा भिक्षू. आणि ते गांडूळ मी होतो. दुसरा आधी निघेल याची वाट न पाहता जी निघते, तिला मैत्री म्हणतात."