तिसरा आग्रह

लेकीसुनांनो, मुलाबाळांनो, जरा जवळ सरका. फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या अलीकडच्या गावात एका आईनं एक वसा घेतला होता.

तिच्या धन्याच्या डोळ्यांपुढे दिवसेंदिवस अंधार दाटत चालला होता. त्यावरचं अंजन एकाच वैद्याकडे मिळे, आणि तो वैद्य राही परमुलखात, सात डोंगर आणि एका नदीपलीकडे. आजारी माणसाला टाकून आईला जाता येईना. सोळा वर्षांची लेक म्हणाली, "मी जाते."

तिनं उंबरठा ओलांडला तशी आईनं देवापुढचे मूठभर तांदूळ पदराला बांधले. म्हणाली, "देवा, माझ्या लेकीला परमुलखात कोण घास घालील? ती परत येईपर्यंत रोज एका वाटसरूला जेवू घालीन, मगच मी जेवीन. तोवर ही गाठ सोडायची नाही."

लेकीनं ते ऐकलं आणि ती चालू लागली. पाचव्या डोंगरावर शिदोरी संपली. सहाव्या डोंगरावर एका कुंभारणीनं विचारलं, "जेवतेस का ग?"

आता त्या मुलीच्या गावची रीत अशी, की कुणी जेवायला बोलावलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला पाटावर बसायचं. पहिल्या हाकेला बसेल तो अधाशी.

मुलगी म्हणाली, "नको हो, पोट भरलंय."

"बरं," म्हणून कुंभारणीनं ताट उचललं आणि ती आत गेली. मुलगी कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिली. कुंभारीण काही परत आली नाही.

पुढे तेल्याच्या दारी तेच झालं, माळ्याच्या मळ्यातही तेच. दोन दिवस पोटात पाण्याखेरीज काही नाही. तशीच ती नदीवर पोचली. नावाडी म्हणाला, "पलीकडे यायचंय का, पोरी? जागा आहे."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास!" असं म्हणत तिनं गाठोडं काखेत मारलंसुद्धा. तिला वाटलं, आता पुन्हा विचारील. नावाड्यानं वल्हं मारलं, नाव गेली. पाण्यातून त्याची हाक आली, "उद्याची खेप शेवटची बरं का! मग पूर ओसरेपर्यंत नाव बंद."

मुलगी वाळूत मटकन बसली. चार महिने नाव नाही म्हणजे बाबांचे डोळे गेलेच. "कसली दगडाच्या काळजाची माणसं ही!" असं म्हणून ती रडू लागली.

जवळच एक म्हातारी जाळं विणत होती. ती म्हणाली, "भात खातेस का, बाळ?"

"नको, आजी. आत्ताच जेवले."

म्हातारी उठली, निघाली आणि मध्येच थांबली. तिनं पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. "थोडासा तरी?"

"न... नको."

म्हातारी खुदकन हसली. "तू डोंगरापलीकडची ना? मग आता तिसऱ्यांदा सांगते. जेव ग बाई, मुकाट्यानं!"

मुलगी जेवायला बसली. दोनदा भात घेतला. मग लाजत म्हणाली, "आजी, आमची रीत तुम्हाला कशी ठाऊक?"

"अग, आमच्याकडे नको म्हणजे नको. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं. मीही ताट उचललंच असतं. पण माझा मुलगा घोड्यावरून तुमच्या मुलखात गेला होता, तो परवाच परतला. एका गावात दिवेलागणीला एका बाईनं त्याला अडवलं. तो म्हणाला, 'नको, घाई आहे.' ती ऐकेना! पुरे म्हटलं की आणखी एक भाकरी. सात भाकऱ्या खाऊन बिचारा घोड्यावर चढेना! शेवटी ती बाई म्हणाली, 'बाबा, रागावू नकोस. आमच्यात तिसऱ्या आग्रहाशिवाय कुणी पाटावर बसत नाही, नको म्हणणारा बहुतेक उपाशीच असतो. आणि तू जेवला नसतास, तर मलाही आज उपास होता.'"

मुलीचा हात ताटातच थांबला. "आजी, त्या बाईच्या पदराला गाठ होती का?"

"होती की. तांदळाची. वाढायला वाकली की पुढं लोंबायची म्हणे."

 उरलेला भात मुलीनं शितनशीत टिपून खाल्ला आणि ताटाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नावाड्यानं तोंड उघडायच्या आत ती पुढं झाली. "दादा, मला पलीकडे जायचंय. मला घ्या."

"घेतो की! काल का नाही बोललीस?" असं म्हणून त्यानं तिला हात दिला.

वैद्यानं अंजन दिलं. नाव माघारी फिरायच्या आत ती काठावर आली, त्याच शेवटच्या खेपेनं परतून घरी पोचली, बापाच्या डोळ्यांत अंजन पडलं, आणि महिन्याभरात त्यानं लेकीचं तोंड पाहिलं. त्या दिवशी आईनं पदराची गाठ सोडली. त्याच तांदळाचा भात केला आणि पहिली मूद वाटसरूला वाढली. वसा पुरा झाला, पण रोज वाटसरूला जेवू घालायची रीत तिनं मोडली नाही.

परक्याच्या लेकराला घातलेला घास वाट शोधत आपल्या लेकराच्या ताटात येतो.

तुमचंही कुणी दूरदेशी असेल, तर बायांनो, एक करा. आज दारी आलेल्या अनोळखी जिवाला जेवू घाला, आणि तो नको म्हणाला तरी एकदा त्याच्या ओठांकडे बघा. आणि पोरांनो, परमुलखात भूक लागली तर लाजू नका, हो म्हणा.