बोरजाईचे बीळ

बोरजाईच्या माळावर डांबरी रस्ता संपतो आणि बाभळी सुरू होतात, तिथे जमिनीतून एक सिमेंटची पाठ वर आलेली दिसते. काळी पडलेली, तीन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी रुंद. एका अंगाने बावन्न पायऱ्या खाली उतरतात आणि विसाव्या पायरीलाच पाणी लागते. पाठीच्या मधोमध एक भोक आहे आणि त्याच्या काठाला दोर घासून खोल खाच पडली आहे. नवखे पाहुणे हमखास विचारतात, ही बारव कोणत्या राणीने बांधली? मग शेजारच्या यल्लम्माच्या देवळातले आप्पा गुरव पानाची पिचकारी टाकून सांगतात, "राणीनं कुठली! एका भित्र्यानं बांधली. तीबी बारव म्हनून न्हाई, लपायला."

बोरजाई तेव्हा संस्थान होते. जेमतेम बावीस गावे, पण संस्थान. गादी होती एका लहान पुतण्याची. त्याला शिकायला म्हणून परमुलखात धाडले आणि चुलता गादीवर बसला, तो उठलाच नाही. त्याचे नाव गावात कोणी घेत नाही. धाकाने नव्हे, नाव घेण्याजोगे त्याने काही केले नाही म्हणून. गोष्टीपुरते आपण त्याला सरकार म्हणू.

सरकार म्हणजे निःशस्त्र माणसापुढे मोठा शूर. त्याचा हुकूम असा की, चारच्या वर माणसे एका ठिकाणी उभी राहता कामा नयेत. चार एवढ्यासाठी, की तिरडीला चार खांदे लागतात. मडके धरणाऱ्या पाचव्याला, म्हणजे मेलेल्याच्या पोटच्या पोराला, कचेरीतून चिठ्ठी आणावी लागे. चिठ्ठी येईपर्यंत मढे दारात. आणि हे सारे करून स्वारी छातीवर बिल्ले लावून फिरे. कोणत्या लढाईचे बिल्ले, ते विचारायची सोय नव्हती.

मग दुसरे मोठे युद्ध आले. पूर्वेच्या किनाऱ्यावर जपानी बॉम्ब पडल्याची बातमी सरकारने रेडिओवर ऐकली आणि पाचावर धारण बसली. पुढचा बॉम्ब आपल्याच डोक्यावर, याची त्याला खात्री पटली. खरे तर जपानच्या नकाशात बोरजाई नव्हती. मुंबईच्या नकाशातही नव्हती. पण असल्या माणसाला आपल्याला कोणी ओळखत नाही हे पटण्यापेक्षा, सारे जग आपल्या जिवावर उठले आहे हेच लवकर पटते. माळाच्या पोटात चाळीस हात खोल कोठी खोदायचा हुकूम सुटला. लोखंडी दार आतून अडसर लावायचे, वर हवेसाठी सव्वा हाताचे भोक. माणसे वेठीची.

वडारांची पाले मुलूखभरातून हाकत आणली. त्यांत तिम्माप्पा आणि त्याची बायको दुर्गव्वा होती. दुर्गव्वाचा कान नामी होता, असे सांगतात. वडार दगड फोडण्याआधी त्यावर हातोडी टिचकावून पाहतात. दगड खणखणीत बोलला तर आत सलग आहे, बद्द बोलला तर पलीकडे पाणी. बाकीचे तीन-चारदा टिचकावत; दुर्गव्वाला एकदा पुरे.

कोठी झाली, आणि सरकारला आत न्हाणीघर हवे झाले. पांढऱ्या फरशीचे. दक्षिणेची भिंत आणखी सहा हात आत घ्या म्हणाला. दुर्गव्वाने हातोडी टिचकावली आणि हात आखडला. दगड बद्द बोलला. याच अंगाला, शे-दीडशे पावलांवर, गावाची थोरली विहीर होती. साऱ्या बोरजाईला पाणी तिचे.

तिम्माप्पा हात जोडून म्हणाला, "सरकार, हितनं म्होरं गावाच्या हिरीचा झरा हाय. तुटला तर पानी हिकडं फुटंल आन् हीर कोरडी पडंल."

सरकार हसला. म्हणाला, "पाण्याला सांग, सरकारची मनाई आहे." आणि तिम्माप्पाला सांगितलेले ऐकले नाही म्हणून पंचवीस फटके दिले. त्याचा उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. मग हातोडा दुर्गव्वाच्या हाती दिला आणि मागे बंदूकवाला उभा केला. तिने घाव घातला. तिसऱ्या घावाला झरा तुटला.

पाणी भिंतीतून धो धो आले तशी सरकारने सिमेंटची पोती ओतायला लावली. दुर्गव्वा तेव्हाही म्हणाली, की पाण्याच्या भिंतीला खाली एखादे भोक ठेवावेच लागते, नाहीतर पाणी मागे साठते आणि भिंत ढकलते. हे वडाराच्या शेंबड्या पोरालाही कळते. सरकार म्हणाला, भोक ठेवले तर बॉम्बचा धूर आत येईल. जमिनीच्या चाळीस हात खाली! भिंत लिंपून गुळगुळीत केली, वर पांढरी फरशी लावली.

तुटलेला झरा विहिरीकडे न वळता भिंतीमागे माळातच मुरत राहिला, आणि आठव्या दिवशी थोरल्या विहिरीचा तळ दिसला.

बाया दोन कोसांवर, शिवेपलीकडच्या धामणीच्या ओढ्याला जाऊ लागल्या. दोन बाळंतिणी त्या वाटेवर आडव्या झाल्या, त्यांतली एक उठली नाही. सरकारला कोणी काही बोलले नाही. तोंडे सुटली ती वडारांवर. दुर्गव्वा दिसली की बाया घागरी बाजूला घेत. तिला त्याचा राग आला नाही. हुकूम त्याचा होता, पण घाव माझा होता, एवढेच ती नवऱ्याला म्हणे. एके दिवशी ती यल्लम्माच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, हे पानी गावाला माघारी मिळंस्तवर ह्या शिवेतला घोट माझ्या घशाखाली उतरायचा न्हाई."

तेव्हापासून ती ओढ्यावर जाई तेव्हाच पाणी पिई, दिवसातून एकदा. बाकी वेळ उन्हात दगड फोडी, कारण सरकारला आता कोठीभोवती आणखी एक भिंत हवी होती. असे अकरा महिने गेले.

कार्तिकातली दुपार. राजवाड्याच्या घुमटाला आग्या मोहोळ लागले होते. कोणा हुजऱ्याने ते उठवायला खाली धूर केला. माशा काळा ढग होऊन घोंघावत उठल्या, आणि बुरुजावरच्या पहारेकऱ्याने, झोपेतून दचकून, विमानेच आली समजून भोंगा वाजवला.

सरकार जेवत होता. उष्ट्या हाताने, एका पायात जोडा अशा थाटात जो पळत सुटला तो थेट माळावर. बिल्ल्यांचा कोट मात्र चढवला होता. मागून त्याची म्हातारी आई खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यावर येत होती. "थांब रे, मला घे!" म्हणून ओरडत होती. "मागून या," म्हणत लेकाने दार आपटले आणि आतून अडसर घातला. आई पायरीवर बसून राहिली. माशा तिच्या डोक्यावरून निघून गेल्या. एकीनेही चावा घेतला नाही, असे सांगतात.

तेवढ्यात कोठीत काहीतरी धडाडले. कोणी म्हणतात दार आपटल्याच्या हादऱ्याने, कोणी म्हणतात यल्लम्माच्या कोपाने. दुर्गव्वाचे म्हणणे साधे होते: भिंतीला भोक नव्हते, म्हणून. त्या वर्षी माळ पाणी पिऊन तट्ट फुगला होता. दक्षिणेची भिंत फरशीसकट कोसळली आणि अडवलेला झरा आत शिरला. दार आत उघडणारे. पाण्याने ते असे दाबून धरले की आतून ओढवेना, बाहेरून ढकलवेना. छताच्या भोकातून सरकारचा आवाज येऊ लागला. आधी हुकूम आले, मग शिव्या, मग नुसते "वाचवा, वाचवा".

सारा गाव माळावर जमला. चारच्या वर माणसे झाली आहेत, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

जमादार रखमाजी दुर्गव्वाकडे धावला. खोदकामाची माती बाहेर काढायला कोठीच्या तळातून माळाखालच्या नाल्याकडे एक आडवी वाट ठेवली होती, ती पुढे एका भिंतीने बुजवली होती. जमादार म्हणाला, "दुर्गे, ती भिंत फोड! पाणी निघून जाईल, सरकार वाचतील."

दहा-बारा घावांचे काम होते. सरकार वाचला असता. आणि अकरा महिन्यांनी माघारी आलेले पाणी त्या नाल्यात जाऊन वाळूत मुरले असते, पुन्हा कधीही गावाच्या घागरीत न येण्यासाठी. दुर्गव्वा हातोडा धरून उभी राहिली. धामणीच्या ओढ्याच्या वाटेवर जिची सून गेली होती ती सगुणा म्हातारी पुढे आली. म्हणाली, "हात लावू नगंस, पोरी. बुडू दे मेल्याला."

"न्हाई आत्याबाई," दुर्गव्वा म्हणाली. "हितं बुडला तर पानी नासंल. गावानं प्यायचं हाय ते."

म्हणजे उंदीर पडला तर काढावा लागतो, तसा काढायचा. कोठीच्या पाठीवर चढून तिने भोकावरची लोखंडी जाळी चार घावांत उडवली आणि दगड ओढायचा दोर आत सोडला. दुसरे टोक आपल्या गाडीच्या रेड्याला बांधले. सरकारने काखेत दोर बांधला, पण खांदे भोकात अडकले. कोट नडत होता. वरून दुर्गव्वा ओरडली, "कोट काडा!" खालून उत्तर आले, बिल्ले आहेत. "मग ऱ्हावा बिल्ल्यांसंगं," ती म्हणाली, आणि रेड्याला थांबवले. थोड्या वेळाने खालून कोट पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग धोतर गेले. मग पोट अडकले. त्याला काढून टाकायची सोय नव्हती, म्हणून रेड्याला चाबूक दिला. यमाच्या वाहनाने माणूस माघारी आणल्याचा हा पहिलाच प्रकार असावा. सरकार बाहेर आला तो लंगोटीवर, चिखलाने माखलेला, कुशी सोललेला. बावीस गावांचा धनी रेड्याच्या मागे चार हात फरफटला आणि उताणा पडला.

शुद्धीवर येताच त्याने काय करावे? आईकडे पाहिले नाही. दुर्गव्वाकडे बोट केले आणि म्हणाला, "ती भिंत फोड. कोठी रिकामी कर. आत्ताच्या आत्ता!"

दुर्गव्वाने हातोडा उचलला आणि भोकातून पाण्यात टाकून दिला. "न्हाई," ती म्हणाली.

"गोळी घाला हिला!" सरकार ओरडला.

रखमाजीने बंदूक खांद्यावरून काढली. त्याने दुर्गव्वाकडे पाहिले, लंगोटीतल्या सरकारकडे पाहिले, भोवतीच्या रिकाम्या घागरींकडे पाहिले. मग बंदूक जमिनीला टेकवून तिच्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला. त्याच्याही घरी पाणी दोन कोसांवरूनच येत होते. सरकारने दुसऱ्या शिपायाला हाक मारली, तिसऱ्याला मारली. तिसऱ्याला हसू आवरेना. मग ते हसू माळभर पसरले, आणि पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आईलाही सुटले.

सरकारला खोकल्याची उबळ आली. घशात चिखल गेला होता. "पाणी," तो म्हणाला. कोणी हलले नाही. पुन्हा म्हणाला, "कोणी तरी पाणी द्या."

दुर्गव्वाने तांब्या दोराला बांधून भोकातून सोडला आणि भरून काढला. सरकारने हात पुढे केले. पण तिने तांब्या आपल्याच तोंडाला लावला. अकरा महिन्यांची तहान होती. ती घटाघटा प्याली, थांबली, श्वास घेतला, पुन्हा प्याली. पोट भरल्यावर तिने रडून घेतले, मोठ्याने, लाज न धरता. मग तांब्यात उरलेले पाणी सरकारच्या ओंजळीत वरून ओतले. वडारणीच्या उष्ट्या तांब्यातले पाणी संस्थानचा मालक लंगोटीवर उकिडवा बसून प्याला, हे साऱ्यांनी पाहिले. त्यानंतर त्याचा हुकूम मानायचा कोणी, आणि कशाला? पंधरा दिवसांत तो गाव सोडून गेला. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी खाऊन-पिऊन म्हातारा होऊन मेला म्हणतात. त्याला शिक्षा झाली नाही, ही गोष्ट बोरजाईला अजून बोचते.

दुर्गव्वाचे पाल मात्र पुन्हा उठले नाही. गावाने तिला बारवेशेजारी जागा दिली. तिथे आता वडारवाडा आहे.

दाराकडची भिंत पुढे गावाने वरपर्यंत फोडून पायऱ्या पाण्याला मोकळ्या केल्या, आणि आजही बोरजाई याच बारवेचे पाणी पिते. आजही गावात नवा सरपंच निवडून आला की खुर्चीवर बसण्याआधी त्याला लंगोटीवर पाण्यात उतरावे लागते, आणि काखेत दोर बांधून, रेड्याच्या बळाने, त्या सव्वा हाताच्या भोकातून वर यावे लागते. निवडून आलेली बाई असेल तर तिला भोक माफ. पुढचे माफ नाही. गेल्या खेपेचे सरपंच अंगाने भरलेले होते. निकाल लागला त्या दिवसापासून महिनाभर एकच वेळ जेवले, तरी कुशी सोलल्याच.

वर आल्यावर सरपंचाने उकिडवे बसून पाणी मागायचे असते. दुर्गव्वाच्या घरातली थोरली सून तांब्या भरते आणि आधी स्वतः पिते. सरपंच ओंजळ धरून वाट पाहतो, गाव उभा राहून बघतो, आणि ती बाई मुद्दाम सावकाश पिते.